वृद्धांच्या पोटरीचे माप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने शिंप्याची फीत हाती घेऊन आपल्यासमोर उभे राहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु दारिद्र्य मोजावे कसे हा आमच्या शास्त्रातील जुनाच वाद आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७१ साली वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यरेषा मांडली ती दर माणशी दररोज २२५० उष्मांकांच्या आधारे. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी अशा सरसकट आकड्यावरच आक्षेप घेतला. त्या वादात मी आज शिरत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की, असल्या हिशेबाचा पाया कुटुंबाचा खर्च हा असतो. घरात आलेले धान्य कोणाच्या ताटात किती पडले, हे त्यातून कळत नाही. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेल्या भाकरीवर भागविणारी म्हातारी सासू त्या सरासरीत बेमालूम लपून जाते.

मग शरीरेच का मोजू नयेत? मुलांची आपण मोजतो. अंगणवाडीत पाच वर्षांच्या आतील मुलाच्या दंडाला फीत लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर तीव्र कुपोषण समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया व १५ ते ५४ वयाचे पुरुष यांची उंची व वजने घेतली जातात. म्हणजे बाई पन्नाशीला आणि पुरुष पंचावन्नाव्या वर्षी या तराजूवरून खाली उतरतो! प्रजनन आणि श्रम संपले की शरीराविषयीचे कुतूहलही संपावे, हा योगायोग मला वाटत नाही. ४५ वर्षांपुढील सुमारे ७२ हजार लोकांची देशव्यापी पाहणी प्रथमच झाली ती २०१७-१८ साली. तीत साठीपुढील सुमारे चौथा हिस्सा कमी वजनाचा आढळला.

आता मापांकडे वळू. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे आणि उत्तर साडेअठराच्या खाली आले की माणूस कृश, हे आपण ऐकलेले असेल. वृद्धांच्या बाबतीत हे सूत्र फसवे ठरते. पाठीला बाक आलेला असतो, मणके दबलेले असतात. उंची कमी भरते आणि भागाकार वाढतो. कृश माणूस कागदावर धडधाकट दिसतो. म्हणून उंचीऐवजी टाचेपासून गुडघ्यापर्यंतचे अंतर किंवा पसरलेल्या हातांची लांबी घेऊन त्यावरून मूळ उंची अंदाजतात. हे दवाखान्यात ठीक. गावात त्याहून सोपे माप पोटरीचे.

माणसाला खुर्चीवर बसवावे, पाऊल जमिनीला सपाट टेकलेले आणि गुडघा काटकोनात असावा. पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती फीत घ्यावी. ती कातडीला लागावी, पण आवळू नये. वृद्धांच्या पोषणाच्या प्रचलित तपासणीत ३१ सेंटिमीटरांहून कमी घेर धोक्याचा मानला जातो. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली स्नायूंच्या झिजेचा संशय घेण्यासाठी पुरुषांना ३४ व स्त्रियांना ३३ ही मर्यादा सुचविली. पहिल्या आकड्याने खाण्याची आबाळ शोधावयाची आहे, दुसऱ्याने अंगातील बळ ओसरू लागल्याची चाहूल घ्यावयाची आहे. म्हणून ते निराळे. फीतच नसेल तर जपानी युक्ती करावी. दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या जोडून पोटरीभोवती कडे करावे. मधे फट राहिली तर स्नायू कमी. मात्र पायाला सूज असल्यास ही मापे निरुपयोगी. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का, हे आधी पाहावे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या दंडाचे माप घ्यावे.

एकदा घेतलेल्या मापापेक्षा दोन मापांमधील फरक अधिक बोलका असतो. प्रयत्न न करता तीन महिन्यांत तीन किलोहून अधिक वजन उतरले तर ते गंभीर समजावे. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, हेही एक मापच आहे.

आशा कार्यकर्ती तिशीपुढील प्रत्येकाचा जो तक्ता भरते, त्यात कमरेचा घेर असतो. मधुमेह व रक्तदाब यांचा धोका त्यावरून कळतो, तो कळलाच पाहिजे. पण तीच फीत दीड हात खाली नेण्यास खर्च काय येतो? ही मागणी आपण प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे ठेवली पाहिजे.

मोजून पुढे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे; उपाय न करता उपाश्याचे माप घेणे असभ्यपणाचे होईल. पोटरी बारीक भरली म्हणजे रोगाचे निदान झाले असे नव्हे. दात नसतील, क्षय असेल, मधुमेह असेल, किंवा एकट्यासाठी चूल पेटविण्याचा कंटाळा असेल. आधी डॉक्टरांकडे न्यावे. मग शिधापत्रिका पाहावी. कष्टाने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्र ठसा ओळखत नाही आणि धान्य अडते, अशी प्रकरणे तेथेच सापडतील. निवृत्तिवेतनाचा अर्ज पाहावा. केंद्राचा त्यातील वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता. ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी पुढील दीड दशकात त्यात एका रुपयाचीही भर पडली नाही. राज्याची भर धरली तरी दूध-डाळीच्या भावाशी ही रक्कम ताडून पाहण्याचे काम आपल्यापैकी कोणीही करू शकेल.

स्त्रियांची मापे स्त्री कार्यकर्त्यांनीच घ्यावीत, आणि विचारून घ्यावीत. पहिली फेरी पावसाळ्याच्या मध्यास, घरातील धान्य संपत आलेले असताना करावी, दुसरी सुगीनंतर. नोंदवहीत उजवा की डावा पाय हे लिहावयास विसरू नये, नाहीतर दुसऱ्या खेपेस तुलना करता येणार नाही.