कलकत्त्याची परीक्षा आणि झाडीपट्टीतला मुलगा



आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी मला विचारलं, "सर, राणीच्या काळात आपल्याकडे हायस्कूल होतं तरी का?" प्रश्न रास्त आहे. आपला गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आपण बसलोय ही जागा भंडारा जिल्ह्याच्या तिरोडा तहसिलीत होती आणि तो जिल्हा मध्यप्रांतात. तेव्हा एखाद्या इमारतीची गोष्ट बाजूला ठेवू. इथल्या एखाद्या पोराला मॅट्रिकपर्यंत जायचं तर कोणती वाट चालावी लागे, ती आज सांगतो.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनहून चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता निघाला. खाली देशी भाषेतल्या शाळा, त्यावर इंग्रजी शाळा आणि सर्वांत वर विद्यापीठ, अशी त्यातली मांडणी. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं उभी राहिली, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला. पुण्यामुंबईची मराठी मुलं मुंबईच्या मॅट्रिकला बसत. आपला प्रांत मात्र कलकत्त्याला जोडला गेला. आपण मराठी बोलणारे, आणि आपल्या मुलाने काय वाचावं हे ठरवणार हुगळीच्या काठचे परीक्षक! पुढे हा कारभार अलाहाबादकडे गेला. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९२३ मध्ये.

त्या परीक्षेचं नाव एन्ट्रन्स. विषय मोजकेच: इंग्रजी, एक दुसरी भाषा, इतिहास-भूगोल आणि गणित. इतिहास हिंदुस्थानचा आणि त्याच्या जोडीला इंग्लंडचाही. सुरुवातीला भाषेखेरीजच्या विषयांची उत्तरं देशी भाषेत लिहायची मुभा होती. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती गेली आणि सगळे पेपर इंग्रजीत आले. माझ्या मते आपल्या शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठी घटना शोधून सापडायची नाही. परीक्षा इंग्रजीत झाली, की तिच्या आधीची इयत्ता इंग्रजीत होते. मग तिच्याही आधीची. वरच्या टोकाला मूठभर मुलं पोचत, पण त्यांच्यासाठी खालची सगळी शिडी वाकवली गेली.

गणितात भूमिती म्हणजे युक्लिड. त्याच्या पहिल्या पुस्तकातला पहिलाच सिद्धान्त घ्या. दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढायचा. रेषेची दोन टोकं, प्रत्येक टोक मध्य धरून रेषेएवढ्याच त्रिज्येचं एकेक वर्तुळ, ती वर्तुळं जिथे छेदतात तिथे तिसरा बिंदू. किती देखणी गोष्ट! बांधीत दोन खुंट्या ठोकून, एका दोरीने, चिखलावर ओढून दाखवली तर आठ वर्षांच्या पोराला कळेल. पण पेपरात ती इंग्रजीत, पायरीपायरीने, शेवटच्या 'हेच करायचे होते' या वाक्यापर्यंत उतरवायची. इंग्रजी कच्चं असलेला मुलगा काय करणार? पाठ करणार. ज्याला पावकी, निमकी, दिडकी, औटकी घरातच तोंडपाठ होती, त्याने युक्लिडही तसाच घोकला. औटकी तरी बाजारात धान मापताना कामी येई.

आणि इथल्या मुलाच्या वाटेत भाषांची गर्दी केवढी! घरात पोवारी, लोधी, गोंडी किंवा झाडीबोली. शाळेतल्या पुस्तकाची मराठी पुण्याकडची. मिडल स्कूलात इंग्रजी. शेजारी बालाघाट, १८६७ मध्ये वेगळा काढलेला जिल्हा, तिथे हिंदी. तीन भाषा ओलांडल्याशिवाय मूल भूगोलाच्या नकाशापर्यंत पोचतच नव्हतं.

दिपोटी साहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला येत तेव्हाचं वातावरण आमच्या पिढीनेही थोडंफार अनुभवलं आहे. शाळा सारवलेली, पोरांची डोकी तेलाने चप्प, मास्तरांचा आवाज बसलेला. पण आषाढ-श्रावणात रोवणं सुरू झालं की तपासणी असो नसो, पोरं बांधीत. धानाचा हंगाम शाळेचं वेळापत्रक विचारून येत नाही.

पैसा कुणाचा होता, हेही सांगायला हवं. शेतसाऱ्यावर शाळेसाठी पट्टी बसे, म्हणजे ती शेतकरी भरे. एन्ट्रन्सची तयारी करून घेणाऱ्या शाळा मात्र प्रांतात मोजक्या आणि त्या शहरांत. नागपूरला स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये काढलेली मिशनची शाळा होती, तिथे बायबलचा पाठ चुकत नसे. जमीनदारांच्या मुलांसाठी सरकारने जबलपूरला १८८२ मध्ये राजकुमार कॉलेज काढलं, जे पुढे रायपूरला गेलं. त्याच १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे लेखी मांडलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. ते मुंबई इलाख्याबद्दल बोलत होते, पण तिरोड्याच्या कुणब्याला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

रेल्वेने अंतर कमी केलं, हे खरं. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि १८९१ मध्ये तिचा मार्ग नागपूरहून गोंदियामार्गे असनसोलपर्यंत जाऊन मिळाला. परीक्षा ज्या बाजूने आली होती, त्याच बाजूला गाडीही जाऊ लागली. पण तिकिटाइतकाच प्रश्न शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं कुणाकडे, हाही होता. ज्याचा नागपुरात एखादा नातेवाईक, त्याला वार लावून जेवता तरी येई. ज्या जातींचं शहरात कुणी नव्हतं आणि ज्यांना कुणी पंगतीला घेत नव्हतं, त्यांची वाट गावच्या शाळेतच संपे. मुलींची तर बहुधा सुरूच होत नसे.

एक गोष्ट सांगून थांबतो. आमगावजवळचं पदमपूर तुम्ही सगळे जाणता. 'उत्तररामचरित' हे संस्कृत नाटक लिहिणारा भवभूती तिथला, असं आपल्याकडे परंपरेने मानतात. त्याने स्वतः आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगितलं आहे. आता एन्ट्रन्सला दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेतलेला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. मराठी मुलखात त्या काळी संस्कृतचं नावाजलेलं क्रमिक पुस्तक रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं. मोठ्या विद्वानाचं, अतिशय नेटकं पुस्तक, आणि त्यातलं व्याकरण समजावलंय इंग्रजीतून. पदमपुराच्या शिवेवरून चालत जाणाऱ्या पोराला भवभूतीच्या भाषेतली पहिली विभक्ती शिकायची, तर आधी इंग्रजी यायला हवं होतं.