मधुमेह: चूर्णाच्या आधी ताट



‘वैद्यबुवा, मधुमेहावर एखादं चांगलं चूर्ण सांगा,’ असे म्हणत येणाऱ्यांना मी आधी विचारतो, काल दिवसभरात काय काय खाल्लंत? हा प्रश्न माझा नाही, चरकाचा आहे. प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगगटाची, कारणे सांगताना त्याने बैठे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेतली. कार्यालयातली खुर्ची आणि मे महिन्यातली आमरसाची दुसरी वाटी त्यात सहज बसते.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहाचे 20 प्रकार आहेत: कफाचे 10, पित्ताचे 6, वाताचे 4. मधुमेह वाताच्या चारांत येतो आणि हे चार असाध्य मानले आहेत. तेव्हा ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी पाटी लावणारा आयुर्वेदाच्याच शब्दाला बाध आणतो. रोग ताब्यात ठेवता येतो. वजन बरेच उतरले तर काहींची साखर औषधाविनाही ताळ्यावर राहते, पण जुन्या सवयी परतल्या की तीही परतते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती रोग्याची पारख. सुश्रुताने जन्मतः येणारा आणि अपथ्याने होणारा असे दोन प्रमेह मानले. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. धट्ट्याकट्ट्या स्थूल माणसाला शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, आणि कृशाला पोषण, असे चरक सांगतो. मग दोघांच्या हाती आहाराचा एकच छापील कागद कसा द्यायचा? रोडावलेल्या माणसाला उपाशी ठेवणे हा अपराध आहे. आणि वजन झपाट्याने उतरत असेल, तहान भागत नसेल, तर काढ्याची वाट पाहू नका. अशा रोग्याला इन्सुलिनची गरज असू शकते. 1922 साली पहिल्यांदा माणसाला टोचलेल्या त्या औषधाने असंख्य मुले जगली आहेत.

ताटाविषयी. जव, मूग, जुने धान्य, कडू भाज्या ही ग्रंथांची शिफारस. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, मेथी, कारले. भाकरीही मोजूनच. ग्रंथांत पथ्य म्हणून मधही आहे, पण आज घरात ग्लुकोमीटर आहे. मध घेतल्यावर आकडा चढतो, म्हणून मी तो साखरेतच धरतो. एकादशीचा साबुदाणा तर कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. हे झाड दक्षिण अमेरिकेतून आले, त्यामुळे चरकाला ते ठाऊकच नव्हते. उपासाच्या दिवशी साखर वाढते ती खिचडीने.

सुश्रुताने तर निर्धन रोग्याला शंभर योजने पायी चालायला, विहीर खणायला सांगितले. जेवणानंतर अर्धा तास चाला, एवढेच मी मागतो.

औषधांत हळद-आवळा, विजयसार, गुडमार, जांभळाची बी आहेत. विजयसारावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्या रुग्णांत चाचणी घेतली आणि साखर उतरलेली दिसली. पण साखर उतरवणाऱ्या गोळ्यांसोबत कारल्याचा रस रोज प्यायलात, तर ती नको तितकी उतरू शकते. बाजारातल्या काही औषधांत शिसे आणि पारा सापडला आहे, काहींत न सांगता मिसळलेल्या आधुनिक गोळ्या. लेबल नसलेली पुडी घेऊ नका.

डोळे, मूत्रपिंड आणि पाय वर्षातून एकदा तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी चुकवू नका, आणि चालू गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने, माझ्या किंवा कुणाच्याही भाषणावरून, बंद करू नका.