गायतोंडे यांच्या चित्रांतला समुद्र



अमूर्त चित्रापुढे उभ्या राहिलेल्या गृहस्थाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'हे आहे तरी काय?' वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे पुष्कळांनी आपल्यापुरते उत्तर शोधले, 'समुद्र'. ते उत्तर मला चूक म्हणवत नाही आणि बरोबरही म्हणवत नाही. म्हणून आजचा हा विषय.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला. घराणे गोव्याचे, वाढले मुंबईत. १९४८ साली जे. जे. स्कूलची पदविका घेतली. पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई संस्थेत त्यांनी पुष्कळ काम केले; समुद्र तिथून जवळच. साठीच्या काळातल्या त्यांच्या चित्रांत आडवे पट्टे येतात, धुक्यासारखा रंग येतो. पाहणारा लगेच म्हणतो, हे क्षितिज! चित्रकार मात्र 'अमूर्त' हा शब्दही मानीत नसत. आपली कला वस्तुनिरपेक्ष आहे, एवढेच म्हणत. चित्रांना बहुधा नावही देत नसत.

आता आपल्या मंडईचे पाहा. १८८६ साली उघडलेल्या त्या इमारतीत, उंच छपराखालच्या मंद उजेडात, वांग्यांचा ढीग क्षणभर केवळ जांभळा असतो. भाव विचारला, की त्याची वांगी होतात! त्या जांभळ्या क्षणापाशी थांबणारी दृष्टी गायतोंड्यांची होती.

त्यांच्या कामाची रीतही पाहण्यासारखी आहे. रोलरने आणि सुरीने रंगाचे थर द्यावयाचे, कागदाचे तुकडे दाबून थोडा रंग उचलावयाचा, पुन्हा थर द्यावयाचा. वर्षाकाठी जेमतेम पाचसहा चित्रे! नदीत गाळ बसावा, दगडावर शेवाळ चढावे, तसे ते चित्र साचत जाई. खालचा थर वरच्यातून उजळतो आणि आपल्याला पाण्याची खोली भासते. निसर्गाचे रूप त्यांनी उतरविले नाही. निसर्ग ज्या रीतीने काम करतो, ती रीत उचलली, असे माझे मत आहे.

ह्याला एक पुरावा देतो. १९७२ साली ते दिल्लीस गेले. तिथे कुठला आला समुद्र? तरी पाहणाऱ्यास पाणी दिसतच राहिले. १९८४ साली अपघात झाला, मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. त्या काळात ते कागदावर शाईने लहान रेखाटने करीत. रंग नाही, क्षितिज नाही, पण अवकाश तोच.

२०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्रास २३ कोटी ७० लाख रुपये आले. ते १९७९ सालचे, म्हणजे दिल्लीतले. त्याआधी, २००१ सालीच, ते निवर्तले होते. लिलावानंतर त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले खरे. पण पुन्हा भावच विचारला गेला, नाही का?

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. तिकडे गेलात, तर त्यांच्या एखाद्या चित्रापुढे पाच मिनिटे काही न विचारता उभे राहा. समुद्र दिसला, तर खुशाल दिसू द्या.