सफोकची गावे आणि बाजार

इंग्लंड म्हटले की डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. पण लंडनच्या ईशान्येला सफोक नावाचा शेतीचा परगणा आहे. तिथली गावे जरूर पाहावीत.

लॅव्हनमच घ्या. वस्ती दोन हजारांच्या आत. पण १५२४ सालच्या कराच्या हिशेबात इंग्लंडच्या श्रीमंत गावांत याचा नंबर चौदावा! ही सारी करामत लोकरीच्या निळ्या कापडाची. त्या पैशावर १४१ फूट उंच मनोऱ्याचे चर्च उभे राहिले आणि १५३० च्या सुमारास लाकडी सांगाड्याचा गिल्डहॉल.

पुढे कोलचेस्टरला निर्वासित डच विणकर आले. त्यांचे कापड हलके नि स्वस्त. लॅव्हनमचा धंदा बसला. त्याच गिल्डहॉलमध्ये मग तुरुंग आला, गरिबांना कामाला जुंपणारे आश्रयगृह आले. जुनी घरे पाडून नवी बांधायला लोकांजवळ पैसा राहिला नाही. म्हणून ती वाकडी-तिकडी घरे आजही उभी आहेत. पाहुणा त्यांना सुंदर म्हणतो. पण ती राखली गरिबीने!

जवळच बरी सेंट एडमंड्स हे बाजारपेठेचे गाव. बुधवारी नि शनिवारी बाजार भरतो. शिवाय १९२५ पासून साखर कारखाना आहे. उसाचा नव्हे, बीटाचा. एकाच मालावर या गावाचे पोट नाही.

तेव्हा गाव पाहताना नुसत्या इमारती पाहू नका. हे गाव कशावर जगले, आणि ते का थांबले, हे विचारा. गुरुजींनी हाच प्रश्न मुलांना आपल्या गावाबद्दलही घालावा.