आपली मोकळी जागा आपणच विकावी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कामतघर येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवून निवृत्त झालो. तेव्हा आज जो विषय मांडावयाचा आहे तो ग्रंथातला नाही, आमच्या घरातला आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची कामतघर, अंजूर फाटा, राहनाळ, काल्हेर या बाजूस वाडवडिलांनी घेऊन ठेवलेली एखादी मोकळी जागा आहे. मुले ठाण्याला किंवा पुण्याला गेली, जागेची कोणास गरज उरली नाही. ती विकावयाची तर दलालावाचून विकता येते काय, हा प्रश्न आम्हास अनेकांनी विचारला. येते. परंतु दलाल जे काम केल्याचा आव आणतो ते काम मालकाने स्वतः केले पाहिजे, आणि त्या कामाचा बहुतेक भाग आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आतच असतो.

आमच्या वडिलांनी वऱ्हाळा देवी तलावाच्या अलीकडे १९७८ साली चार गुंठ्यांचा बिनशेती भूखंड घेतला. घर बांधणे काही झाले नाही. पुढे शेजारच्या कारखान्यांतील चिंध्या तेथे पडू लागल्या, मग टेंपो उभे राहू लागले, आणि एके दिवशी कोणी पत्र्याची टपरीही ठोकली. पडीक जागा खायला मागत नाही, असे म्हणतात ते खरे नव्हे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे परक्याने मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे व अखंड बारा वर्षे ताबा ठेवला, तर मालकाचा हक्कच बुडण्याची वेळ येते. टपरी हलविण्यास आम्हास वर्षभर हेलपाटे घालावे लागले. त्यानंतर विकण्याचे ठरले.

प्रथम २०२१ साली एक दलाल आला. अत्यंत गोड माणूस. मेट्रोचे खांब दाखवून म्हणाला, "गुरुजी, भाव चढणारच आहे, पण तुम्ही कशाला कचेऱ्यांचे उंबरे झिजवता? मला कुलमुखत्यारपत्र करून द्या, निम्मी रक्कम रोख देतो." आम्ही भुललो होतो, हे कबूल करण्यास लाज वाटत नाही. एका माजी विद्यार्थ्याने, जो आज वकिली करतो, आम्हास थांबविले. कुलमुखत्यारपत्र घेणारा आपल्या नावाने आपली जागा वाटेल त्यास, वाटेल त्या भावात विकू शकतो. आणि ज्याला असे वाटते की मुखत्यारपत्र व साठेखत यांवरच जागा आपली झाली, त्याचीही फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की मालकी बदलते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. रोखीचे म्हणाल तर जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्यास बसतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. निम्मी रोख घेऊन खतात निम्मीच किंमत लिहिणारा विक्रेता सरकारास फसवितो असे त्यास वाटते, प्रत्यक्षात तो स्वतःचा गळा दुसऱ्याच्या हाती देतो.

(आपल्या मंडळात काही सभासद हा व्यवसाय सचोटीने करतात. त्यांनी राग मानू नये. शेकडा एक-दोन टक्के घेऊन ते श्रम करतात, त्यास आमची हरकत नाही.)

मग आम्ही जागेवर पाटी लावली: "जागा विकणे आहे. मालकास प्रत्यक्ष भेटावे." पहिल्या पंधरवड्यात अकरा माणसे आली, त्यांतील नऊ दलालच होते! परंतु दहावा मनुष्य शेजारचा निघाला. लगतच त्याचे चार मागांचे छप्पर होते आणि त्यास घर बांधावयाचे होते. आमचा अनुभव असा की लगतचा शेजारी हाच पहिला गिऱ्हाईक धरावा. जागेचे गुणदोष त्यास ठाऊक असतात आणि आपल्या जागेला जोडून मिळणाऱ्या जमिनीस तो दोन पैसे अधिक देतो.

भाव ठरविताना आम्ही शेजाऱ्याच्या व दलालाच्या तोंडावर विसंबलो नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आसपासच्या विक्रींची सूची क्रमांक दोन पाहावयास मिळते, सरकारी बाजारमूल्याचा दर तक्ताही मिळतो. दोन्ही पाहून आकडा मनाशी नक्की केला. येथे एक शिक्षकी सूचना. सातबाऱ्यावर क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्ये असते, आपण बोलतो गुंठ्यांत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७. दहा गुंठ्यांस हा फरक सुमारे १२६ चौरस फुटांचा होतो, म्हणजे एक खोली झाली. म्हणून भाव गुंठ्याचा की आरचा हे प्रथमच बोलून घ्यावे आणि भूमि अभिलेखाच्या कचेरीकडून मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करावेत.

शेतजमीन असेल त्यांनी याहून अधिक सावध असावे. तुकडेबंदीचा १९४७ चा व कुळवहिवाटीचा १९४८ चा कायदा, भोगवटादार वर्ग दोन, आदिवासी खातेदाराची जमीन, या प्रत्येकास निराळी परवानगी व निराळे नियम आहेत, आणि ते वरचेवर बदलतात. विसार घेण्यापूर्वी तहसील कचेरीत विचारावे, नंतर नव्हे.

आता आम्ही मूळ गोष्टीकडे येतो. शेजाऱ्याच्या वकिलाने कागद पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "गुरुजी, आपणांस बहिणी किती?"

बंधुभगिनींनो, आम्ही पाच भावंडे, तीन भाऊ व दोन बहिणी. वडील २००३ साली वारले. वारसनोंदीसाठी जे प्रतिज्ञापत्र दिले ते थोरला म्हणून आमच्या हस्ताक्षरात आहे, आणि त्यात तीनच नावे आहेत. वडिलांची स्वकष्टार्जित जागा, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच. वडिलार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीस जन्मतः हक्क मिळाला व २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हे आम्हास ठाऊक नव्हते काय? आम्ही शाळेत मुलींना नागरिकशास्त्र शिकवीत होतो.

तरीही आम्ही हक्कसोडपत्राचा मसुदा करवून धाकट्या बहिणीकडे वासिंदला गेलो. तिने चहा दिला, चष्मा शोधला, तो सापडला नाही. म्हणाली, "दादा, सही करते. पण आधी कागद वाचून दाखव." आम्ही वाचू लागलो. "स्वखुशीने, कोणत्याही दडपणावाचून व कोणताही मोबदला न घेता..." या ठिकाणी आमचा आवाज अडला. आयुष्यभर मोठ्याने वाचण्याचेच काम केलेल्या माणसास एक ओळ वाचता येईना. ती काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली. आम्ही कागद घडी करून खिशात घातला आणि परतलो.

मधल्या भावाचे म्हणणे पडले, की बहिणींच्या लग्नांत खर्च झाला आहे. आम्ही वडिलांची जुनी वही काढून दाखविली. खर्च आमच्याही लग्नांत झाला होता, तो कोणी वाट्यातून वजा केला नव्हता. महिनाभर अबोला राहिला. अखेर सर्वांच्या संमतीने प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करून वारसनोंद दुरुस्त करविली. यात सात महिने गेले. शेजारी थांबला, कारण समोर प्रत्यक्ष मालक होते आणि विलंबाचे खरे कारण त्यास आम्हीच सांगितले होते. मध्ये दलाल असता तर त्याने काय सांगितले असते, देव जाणे.

पुढचा व्यवहार सरळ झाला. विसार धनादेशाने, पावतीत मुदत लिहून. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. ताबा मात्र पूर्ण रक्कम मिळेपर्यंत दिला नाही. हे लक्षात असू द्यावे की खरेदीखत नोंदले गेले आणि नंतर धनादेश परत आला, तरी जागा गेलेलीच असते. पैशासाठी दावा लावीत बसावे लागते. म्हणून नोंदणीच्या दिवशी पैसे खात्यात जमा झाल्याचे पाहून मगच आम्ही अंगठे उमटविले. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार शेकडा एक कर कापून भरतो, त्याचा दाखला मागून घ्यावा. भांडवली नफ्याचा करही असतो. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीस तो साडेबारा टक्के आहे. त्यापूर्वी घेतलेल्या जागेवर व्यक्तीस महागाईची वजावट धरून वीस टक्क्यांचा जुना हिशेबही करून पाहता येतो, दोहोंत कमी असेल तो द्यावा. जागा १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवसाची किंमत मूल्यमापकाकडून लिहून घ्यावी; आम्हास त्याचा पुष्कळ उपयोग झाला.

२०२३ च्या फेब्रुवारीत दुय्यम निबंधकापुढे आम्ही पाचही भावंडे एका बाकावर बसलो होतो. आईच्या तेराव्यानंतर प्रथमच. धाकटीने या वेळी चष्मा आणला होता. खत तिने स्वतः, पहिल्या ओळीपासून चतुःसीमेपर्यंत वाचले, आणि उत्तरेच्या हद्दीत एक चूक काढली. कारकुनास पान पुन्हा छापावे लागले.

विसार पावती, जाहीर नोटीस व खरेदीखत यांच्या प्रती आम्ही आज बरोबर आणल्या आहेत. ज्या सभासदांस पाहावयाच्या असतील त्यांनी भोजनानंतर मागील टेबलापाशी यावे. उतरवून घेण्यास हरकत नाही. घरी मात्र कोणास नेऊ देणार नाही.