परिचर्या-विद्यालयांतील माझे दिवस



माझ्या धाकट्या भावाची मुलगी यंदां बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि परिचारिकेच्या शिक्षणक्रमास जाण्याचा आपला विचार तिनें घरांत बोलून दाखविला. घरांत थोडी शांतता पसरली. मग माझी भावजय मला म्हणाली, "वन्सं, तुम्हींच तिला दोन गोष्टी सांगा." त्या दोन गोष्टी तिला परावृत्त करणाऱ्या असाव्यात, असा तिचा हेतु होता हें मला कळलें. मुलगी मात्र निराळेंच बोलली. ती म्हणाली, "आत्या, माहितीपत्रक मी वाचलं आहे. त्यांत नसतं तें सांग." नभोवाणीच्या चालकांनीं मला हाच विषय सुचविला, तेव्हां तिला जें सांगितलें तेंच आपणांपुढें ठेवावें असें वाटलें.

मी १९७९ सालीं एका जिल्ह्याच्या गांवच्या रुग्णालयास जोडलेल्या विद्यालयांत दाखल झालें. पहिले कांहीं महिने रोग्याच्या वाऱ्यासही आम्हांला उभें केलें नाहीं. एका रबरी बाहुलीस आम्ही न्हाऊं घालीत असूं, कुशीवर वळवीत असूं, तिच्या पाठीखालीं मॅकिन्टॉश, म्हणजे रबरी कापड, सुरकुती न पडूं देतां पसरीत असूं. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडण्यांत माझा पहिला आठवडा गेला. घरीं मीं कधीं अंथरूणसुद्धां घातलें नव्हतें, त्यामुळें हा सर्व प्रकार मला पोरकट वाटला. पुढें वॉर्डांत गेल्यावर कळलें कीं, चादरीची एक सुरकुती हालचाल न करूं शकणाऱ्या माणसाच्या पाठीस व्रण पाडूं शकते, आणि तो व्रण हाडापर्यंत जाऊं शकतो.

माझ्या वांट्यास आलेला पहिला रोगी एक वृद्ध शेतकरी होता. त्याचें मांडीचें हाड मोडलें होतें. त्याला अंग पुसून द्यावयाचें, पाठीस स्पिरिट व पावडर लावावयाची आणि मलपात्र द्यावयाचें, एवढेंच काम. माझे हात थरथरत होते. त्यानें मान दुसरीकडे फिरविली आणि थोड्या वेळानें विचारलें, "पोरी, तूं हें काम करतेस हें तुझ्या बापाला ठावं हाय का?" मीं "नाहीं" म्हटलें. मी शिकावयास गेलें हें वडिलांना ठाऊक होतें. पण मलपात्राचें मीं पत्रांत कधींच लिहिलें नव्हतें. त्या म्हाताऱ्याला माझ्याहून अधिक संकोच वाटत होता, हें माझ्या ध्यानांत यावयास दोन दिवस लागले. तें ध्यानांत आलें तेव्हां माझा संकोच गेला.

या व्यवसायाकडे पाहण्याची समाजाची दृष्टि हा जुना विषय आहे. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभें राहिलें आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें तेथील विधवा बायकांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट खुली झाली, तेव्हां ज्या शंका घेतल्या गेल्या त्यांतल्या कांहीं माझ्या काळींही जिवंत होत्या. माझ्या बरोबरीच्या मुली कोण होत्या? कोणी वडील गेलेल्या, कोणी धाकट्या भावंडांच्या शिक्षणाची जबाबदारी असलेल्या, कित्येक दूर केरळांतून आलेल्या. त्या मल्याळी मुली सहा महिन्यांत मराठी बोलूं लागल्या. त्यांच्या मराठींत लिंगांचा गोंधळ असे, पण खेड्यांतल्या बायका माझ्या शुद्ध भाषेपेक्षां त्यांच्याच बोलण्यानें लवकर निश्चिंत होत. याचें कारण मीं पुष्कळ शोधलें. त्या बोलतांना रोग्याच्या खाटेवर बसत, आणि मी उभी असें, एवढेंच मला सांपडलें.

आतां जी गोष्ट मी सांगणार आहें ती मीं फार थोड्यांना सांगितली आहे.

तिसऱ्या वर्षीं मला प्रसूतिविभागांत रात्रपाळी लागली. विभागांत आम्ही दोघी विद्यार्थिनी. प्रसूतिगृह आणि वॉर्ड मिळून अनुभवी परिचारिका एकच. बाळंत झालेल्या स्त्रीची नाडी पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनीं मोजावयाची, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, रक्तस्राव पाहावयाचा आणि तक्त्यावर लिहावयाचें, असा नियम. त्या रात्रीं एक तरुण मुलगी दोन वाजतां बाळंत झाली. सव्वादोनला मीं नाडी मोजली, ८४ भरली. इतक्यांत दुसरी एक बाई कळा देत आली आणि मी तिकडे धांवलें. परत आलें तेव्हां तीन वाजले होते. अडीच, पावणेतीन आणि तीन, असे तीन रकाने कोरे होते. मुलगी डोळे मिटून पडली होती. मला वाटलें, निजली आहे. मीं खाटेच्या पायथ्याशीं उभें राहूनच ८४, ८२, ८४ असे आंकडे भरले. मधले ८२ मुद्दाम घातले, खरें वाटावें म्हणून. लबाडीलाही कांहीं कारागिरी लागते.

तिची आई जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, "बाई, पोरीचा हात गार लागतोय, बघा जरा." मीं मनगट धरलें. नाडी बोटांखालीं सुतासारखी बारीक लागत होती आणि मोजतां येऊं नये इतकी जलद होती. मीं हांक मारली. सिस्टर आल्या, त्यांनीं प्रथम पोटावर हात ठेवला. गर्भाशय भिजविलेल्या कणकेसारखा मऊ, बेंबीच्या वर आणि एका बाजूस सरकलेला. त्यांनीं एका हातानें तो चोळावयास घेतला आणि दुसऱ्यानें पांघरूण दूर केलें. खालच्या रबरी कापडावर रक्ताचें थारोळें झालें होतें.

याचें कारण साधें होतें. मूत्राशय भरलेला होता. भरलेला मूत्राशय गर्भाशयास नीट आकुंचन पावूं देत नाहीं, आणि आकुंचन झालें नाहीं तर आंतल्या रक्तवाहिन्यांचीं तोंडें उघडींच राहतात. "लघवी झाली का?" असें मीं तिला विचारलें होतें, तिनें मान डोलविली होती, आणि मी पुढें गेलें होतें. नळीनें मूत्राशय रिकामा केला, मेथर्जिनचें इंजेक्शन दिलें, शिरेंतून सलाइन सुरू झालें, डॉक्टर आले, रक्ताची बाटली आली. अर्ध्या तासानें गर्भाशय हाताखालीं चेंडूसारखा कठीण लागला. मुलगी वांचली. अशा रक्तस्रावानें दगावणाऱ्या बाळंतिणी आजही जगांत थोड्या नाहींत. ती त्यांच्यांतली एक झाली नाहीं, याचें श्रेय तिच्या आईच्या हातास आहे, माझ्या तक्त्यास नाहीं.

सकाळीं सहा वाजतां सिस्टरनीं तो तक्ता माझ्यापुढें ठेवला. "हे चौऱ्यांशी कुणीं मोजले?" मीं म्हटलें, "कुणींच नाहीं." मग धीर करून विचारलें, "दुसरा तक्ता लिहूं का?" त्या म्हणाल्या, "मग खोटे तक्ते दोन होतील." त्यांनीं मला त्या तीन आंकड्यांवर एकेक रेघ मारावयास लावली, खालचा आंकडा वाचतां येईल अशी. शेजारीं "पाहिले नाहीं" असें लिहून वेळ आणि सही घालावयास सांगितलें. माझ्या हातून लिहिलीं गेलेलीं सर्वांत कठीण अक्षरें तीं.

मेट्रनबाईंनीं महिनाभर माझी टोपी काढून घेतली आणि सुट्या बंद केल्या. शिक्षेबद्दल तक्रार नाहीं. परंतु सबंध चौकशींत एका विद्यार्थिनीच्या अंगावर किती खाटा होत्या हें कोणीं विचारलें नाहीं, हें मला त्या वेळींही खुपलें आणि आजही खुपतें. विद्यार्थिनी ही फुकटची नोकर समजली गेली कीं तक्ते असेच भरले जाणार. तरीही, मला वेळ नव्हता म्हणून मीं मोजलें नाहीं, हें समर्थन होऊं शकतें. मोजलें नाहीं तरी मोजलें म्हणून लिहिलें, याला कामाच्या भाराचें समर्थन पुरत नाहीं. रकाना कोरा राहिला असता तर सिस्टरनीं येतां-जातां तो पाहिला असता. भरलेल्या रकान्याकडे कोण पाहतो?

पुढें मी स्वतः शिकवूं लागलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत विद्यालय काढलें हें आम्ही पहिल्याच तासाला सांगतों, आणि मुलींच्या डोळ्यांपुढें दिवा घेतलेली स्त्री उभी राहते. पण त्यांच्या परिचर्येवरील पुस्तकांत रोग्याच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि क्रिमियाच्या युद्धांतील मृत्यूंचे आंकडे त्यांनीं आकृति काढून सरकारपुढें मांडले, हें मी दिव्याच्या आधीं सांगत असें. श्वास कसा मोजावा हेंही मी आवडीनें शिकवी. आपला श्वास मोजला जात आहे हें कळलें कीं रोग्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडीवरचीं बोटें तशींच ठेवावींत आणि नजर छातीवर न्यावी. पुरतें एक मिनिट. हा मिनिट फार लांब असतो. म्हणूनच पुष्कळ तक्त्यांवर श्वासाच्या रकान्यांत ओळीनें २०, २०, २० असे आंकडे आढळतात. तसा तक्ता दिसला कीं मी त्या मुलीला रागें भरत नसें. खुर्ची देऊन विचारीत असें, रात्रीं किती रोगी होते?

आतां पुष्कळ बदललें आहे. कांचेच्या सिरिंजा उकळणें गेलें, पाऱ्याचे तापमापक जात आहेत, बोटाला लावलेलें यंत्र नाडी आणि प्राणवायु क्षणांत दाखवितें. शिक्षणक्रमाचा शेवटचा भाग इंटर्नशिपचा असतो, मुलगेही शिकावयास येतात. पण गर्भाशय घट्ट आहे कीं सैल, हें अजून हातच सांगतो.

हें सर्व ऐकून माझी भावजय बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें त्या बाळंतिणीचें बाळ मुलगा होता कीं मुलगी, एवढें विचारलें. मुलगी होती. भाचीनें माझ्याजवळचें जुनें चावीचें घड्याळ मागून घेतलें. सेकंदाचा कांटा ठीक चालतो. पट्टा तेवढा काढून वर पिन बसवून घ्यावी लागेल, कारण हातांच्या स्वच्छतेसाठीं आतां मनगटावर घड्याळ बांधूं देत नाहींत.