यंत्राच्या कपाळावरचा आकडा



डिचोलीच्या माणसाला आकड्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. या तालुक्यातील खाणींतून निघालेले खनिज लोखंड दशकानुदशके मांडवीतील बार्जेसमधून मुरगाव बंदराकडे गेले. त्याचा भाव ठरे तो लोहाच्या टक्केवारीवर. परंतु नमुना ढिगाच्या माथ्यावरून घेतला की पोटातून, तो ओला तोलला की सुकवून, यावर ती टक्केवारी खालीवर होते. म्हणून नुसता आकडा पुरेसा नसतो. तो कोणत्या रीतीने काढला हेही ठाऊक असावे लागते. दोलनदर्शक, म्हणजेच ऑसिलोस्कोप, या यंत्राच्या कपाळावर छापलेल्या आकड्याची गोष्ट नेमकी हीच आहे.

दोलनदर्शक विद्युत दाबाचे चढउतार पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखवतो. १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी ऋण किरण नलिका तयार केली आणि या यंत्राचा पाया घातला गेला. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीने ‘५११’ हा दोलनदर्शक बाजारात आणला. त्याची पट्टरुंदी, म्हणजे बँडविड्थ, १० मेगाहर्ट्‌झ होती. आज विद्यार्थ्यांच्या हाती येणाऱ्या साध्या यंत्रांवरही ५० किंवा १०० मेगाहर्ट्‌झ असे छापलेले असते.

पट्टरुंदी म्हणजे काय, हे पेडण्याच्या दशावतारी नाटकाच्या रसिकाला सहज उमगेल. मंडपात पखवाजाचा घुमारा छातीवर आदळतो आणि झांजेचा झणत्कार कानात रेंगाळतो. हाच प्रयोग जुन्या दूरध्वनीवरून ऐकवला, तर नटाचे शब्द कळतात, पण पखवाज पोकळ आणि झांज बोथट होते. कारण दूरध्वनीची तार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रता वाहून नेण्यासाठी आखलेली असते. वाद्ये तीच, वाजवणारे तेच. मधल्या वाटेने त्यांचे दोन्ही काठ कापून टाकलेले असतात. दोलनदर्शकाच्या बाबतीत प्रश्न येतो तो वरच्या काठाचा.

येथे बहुतेकांची एक समजूत असते. यंत्रावर १०० मेगाहर्ट्‌झ लिहिले असेल, तर तेथपर्यंत ते अचूक मोजते आणि त्यापुढे आंधळे होते, असे मानले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या कंप्रतेला पडद्यावरील तरंगाची उंची खऱ्या उंचीच्या सुमारे ७०.७ टक्के उरते, त्या कंप्रतेला पट्टरुंदीची सीमा म्हणतात. तंत्रज्ञ तिला ‘उणे ३ डेसिबल’चा बिंदू म्हणतात. म्हणजे छापील सीमेवर यंत्र जवळजवळ ३० टक्के कमी सांगत असते. ही भिंत नव्हे, उतार आहे, आणि तो सीमेच्या बराच आधी सुरू होतो. साध्या मंडलाच्या हिशेबाने सीमेच्या एक चतुर्थांशावर सुमारे ३ टक्के आणि निम्म्यावर सुमारे १० टक्के घट पडते.

पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. वैमानिक आणि नियंत्रक यांचे संभाषण साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चालते. १०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रावर १२० मेगाहर्ट्‌झचा तरंग पाहिला, तर तो दिसेल. परंतु त्याच साध्या हिशेबाने त्याची उंची खऱ्याच्या ६४ टक्क्यांच्या आसपास भरेल. पाहणाऱ्याला यंत्र कोणताही इशारा देत नाही. रेषा स्वच्छ असते, आकडा ठाम असतो, आणि तो चुकीचा असतो.

ही सीमा मोजण्याची रीत अशी. ज्याच्या तरंगाची उंची कंप्रता बदलली तरी स्थिर राहते, असा तरंगजनक घ्यावयाचा. ५० किलोहर्ट्‌झसारख्या कमी कंप्रतेवर पडद्यावर ६ घरांची उंची जुळवावयाची. मग कंप्रता हळूहळू वाढवीत जावयाचे. उंची ४.२ घरांवर उतरली की ती कंप्रता टिपावयाची. ऐकण्यास हे सोपे आहे. पण तरंगजनकच वर जाता जाता मंदावला तर त्याचा दोष यंत्राच्या माथी बसतो. तारेच्या यंत्राकडील टोकाला ५० ओहमचा योग्य रोध नसेल, तर तरंग परावर्तित होऊन मोजणी बिघडवतात. म्हणून मापकाचेही माप आधी तपासलेले असावे लागते.

दुसरी रीत चढणकाळाची. तरंग उंचीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढण्यास लागणारा वेळ म्हणजे चढणकाळ. ०.३५ ला पट्टरुंदीने भागले की यंत्राचा स्वतःचा चढणकाळ साधारण मिळतो. १०० मेगाहर्ट्‌झला तो ३.५ नॅनोसेकंद येतो. अशा यंत्रावर १ नॅनोसेकंदात चढणारी कडा सुमारे ३.६ नॅनोसेकंदांची भासते. तेथे पडद्यावर तरंगाचा नव्हे, तर यंत्राचाच स्वभाव उमटलेला असतो.

खरेदी करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे स्पर्शक, अर्थात प्रोब. १०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्राला तेवढ्याच क्षमतेचा प्रोब जोडला, तर जोडीची पट्टरुंदी सुमारे ७० मेगाहर्ट्‌झ उरते. निर्मात्याने प्रोबच्या टोकापर्यंतची हमी दिली असेल तरच गोष्ट वेगळी. दुसरी म्हणजे नमुने घेण्याचा वेग. अंकीय यंत्रावर ‘सेकंदाला १ अब्ज नमुने’ असे ठळक छापलेले असते. पण पट्टरुंदी मुख्यतः आरंभीच्या प्रवर्धकाने ठरते. तेथे जे गळून पडले, ते मागाहून कितीही नमुने घेतले तरी परत येत नाही.

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या, किंवा उद्या तुये येथील इलेक्ट्रॉनिक वसाहतीत काम करू पाहणाऱ्या तरुणाला हे माहीत नसेल, तर हानी कोणती? चौकोनी स्पंदाचे कोपरे वरच्या कंप्रतांनी घडतात. १०० मेगाहर्ट्‌झचा चौकोनी तरंग त्याच सीमेच्या यंत्रावर जवळजवळ गोलाईचा दिसतो, कारण ३०० मेगाहर्ट्‌झचा महत्त्वाचा अंश वाटेतच क्षीण होतो. त्यापेक्षा वाईट गोष्ट ही, की क्षणभर उसळणारा दोष मंद यंत्र झाकून ठेवते. सदोष मंडल निर्दोष ठरते आणि पुढे रवाना होते. म्हणून पाहावयाच्या तरंगाच्या कंप्रतेपेक्षा तिप्पट ते पाचपट पट्टरुंदीचे यंत्र घ्यावे, असा व्यवहारातील नियम आहे.

जुन्या दोलनदर्शकांसोबत येणाऱ्या पुस्तिकांत मंडलाच्या आकृत्या असत आणि यंत्र तपासण्याची रीत पायरीपायरीने दिलेली असे. यंत्र मोडीत निघते, पुस्तिका रद्दीत जाते, आणि मागे राहतो तो कपाळावरचा आकडा. शंभर वर्षे पुस्तके जपलेल्या वाचनालयाने अशा पुस्तिकांसाठीही एक फळी राखून ठेवावी. आकड्याचा अर्थ त्या पुस्तिकेत असतो. आणि अर्थ जपणे हे वाचनालयाचे काम आहे.